खिडकीचा गज

माझा नवा चष्मा तयार होता, तरी दुकानातल्या म्हाताऱ्या नानांनी तो उचललाच. पूर्वी ते इथंच काचा घासत. आता काचा कंपनीकडून तयारच येतात. चष्म्यावर उलट नंबराची काच धरून त्यांनी दोन्ही खिडकीसमोर हलवल्या. काचांतून खिडकीचा गज स्थिर दिसला की नंबर बरोबर, ही त्यांची जुनी रीत.

“हलतोय.”

“नाना, मशीनवर तपासलंय,” गल्ल्यावरची त्यांची सून म्हणाली.

नानांची बुबुळं पांढुरकी झाली होती. नजर दगा देते, तेव्हा माणूस आधी काचेलाच दोष देतो. मी तरी वेगळं काय करतो?

“तुम्हीच बघा. हलतोय ना?”

गज स्थिर होता. मी “हो” म्हणालो.

“मग पुन्हा घासू,” म्हणत नाना माझा चष्मा घेऊन आतल्या खोलीकडे निघाले. तिथं आता घासायचं चाकच नव्हतं.