तिरक्या दांड्यावरची चीर

सायकल तीन आठवडे टिकटिकत होती आणि मी पेडलला दोष देत होतो. पेडल उघडून ग्रीस भरलं, चेन बदलली, तरी आवाज जाईना. एका रविवारी सकाळी अण्णा नगरच्या पुलावरून उतरत होतो, तर हँडल थरथरायला लागलं. पाय टेकून थांबलो आणि खाली वाकून पाहिलं. पुढच्या उभ्या नळीला तिरका दांडा जिथे मिळतो, तिथे रंगावर केसाएवढी रेघ होती. ओरखडा असेल म्हणून त्यावर नख फिरवलं. नख अडकलं.

मी इथे तमिळ मुलखात मोटारींच्या कारखान्यात सांगाडे तपासायचं काम करत असे. अशी रेघ दिसली की गाडी बाजूला काढा, हे दुसऱ्यांना शिकवणारा माणूस मी. सायकल ढकलत घरी आलो. बायकोला चीर दाखवली. 

"काल संध्याकाळी पिल्लू पुढे बसली होती," ती म्हणाली.

आमची लेक तेव्हा चार वर्षांची होती. आदल्या दिवशी तिला पुढच्या दांड्यावर बसवून मी त्याच पुलावरून उतरलो होतो, आणि ती "अजून जोरात" म्हणत होती म्हणून ब्रेकही लावला नव्हता.  

ही सायकल मी नोकरीच्या सुरुवातीला परदेशात प्रशिक्षणाला गेलो होतो, तेव्हा घेतली. जाड टायरांची, डोंगरात चालवायची. एका कारागिराने घरामागच्या शेडमध्ये ती हाताने बांधली होती. ज्याच्यासाठी बांधली ते गिऱ्हाईक फिरकलंच नाही आणि सायकल कित्येक वर्षं भिंतीला टेकून राहिली. मला देताना कारागिराने सीट चार बोटं खाली घेतली आणि म्हणाला, "वापर हिला. टांगून ठेवू नकोस." पुढे तो वारला. त्याने वापरलेल्या पोलादी नळ्या इतक्या पातळ होत्या की आमच्या वेल्डिंग खात्याच्या प्रमुखाने बोटाने टिचकी मारून आवाज ऐकला आणि हात मागे घेतला. "भोक पडेल. मी नाही हात लावणार. गिंडीला एक म्हातारे आहेत, पितळेने जोडतात. ते नाही म्हणाले तर मग कुणीच नाही."

गिंडीच्या औद्योगिक वसाहतीतली ती शेड छोटीच होती. म्हातारे स्टुलावर बसले होते. कारभार त्यांची चाळिशीची मुलगी पाहत होती. कामगार तिला अक्का म्हणत, म्हणून मीही अक्का म्हणालो. माझं मोडकं तमिळ ऐकून म्हाताऱ्यांनी मान वर केली. "मराठी काय तुम्हीं? आम्हीं पण मराठी. तंजावरचे." त्यांचं मराठी जुन्या पोथीतल्यासारखं होतं आणि चाल तमिळ. त्यांनी सायकल मांडीवर आडवी घेतली, सांध्यावरून अंगठा फिरवला. "बेस काम आहे. कोण्या मनुष्याने मन लावून केलें."

अक्का मला बाहेर घेऊन आली आणि इंग्रजीत बोलली. मागच्या वर्षी वडिलांना पक्षाघाताचा झटका आला होता. उजवा हात कापतो. डॉक्टरांनी नव्हे, तिनेच त्यांचं गॅसच्या ज्योतीने जोडायचं काम बंद केलं होतं. "ही नळी जळली तर तुम्ही दुसरी सायकल घ्याल. ते मात्र महिनाभर जेवणार नाहीत. कृपा करून घेऊन जा."

मी आत गेलो, सायकल उचलली. म्हाताऱ्यांनी सीट धरून ठेवली. मग बापलेकीत तमिळमध्ये जुंपली. मला अर्धंमुर्धं कळत होतं. शेवटी अक्काने जाड हातमोजे चढवले आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "ज्योत मी धरणार. सळई ते लावणार. बिघडलं तर मला विचारायचं नाही."

मी हो म्हणालो. चीर जिथे संपत होती तिथे त्यांनी बारीक भोक पाडलं, म्हणजे ती पुढे जाऊ नये. रंग खरवडला, पितळ नीट पसरावं म्हणून टाकणखार लावला. अक्काने ज्योत पेटवली आणि सांध्याभोवती फिरवू लागली. पोलाद काळं, मग तांबूस झालं. म्हाताऱ्यांच्या हातातली पितळी सळई थरथरत होती. ती सांध्याला लागेना. एकदा बाजूलाच टेकली आणि पितळेचा थेंब नको तिथे ओघळला. अक्काने ज्योत रोखून धरली, वडिलांची वाट बघत, आणि तेवढ्यात नळीचा रंग नारिंगी होऊ लागला. मी कारखान्यात तो रंग पाहिला होता. त्यानंतर पोलाद उरत नाही.

"पोदुम," म्हातारे म्हणाले. पुरे. अक्काचा हात हलला नाही, तिला ऐकूच गेलं नसावं. "पोदुम मा!"

ज्योत मागे गेली. नारिंगीचा तांबूस झाला. म्हाताऱ्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट पकडलं आणि सळई टेकवली. या वेळी पितळ चिरेत शिरलं. पुढची दहा मिनिटं तेच चाललं. ज्योत जवळ, ज्योत दूर, सळई, पुन्हा ज्योत. काम संपलं तेव्हा अक्का हातमोजे न काढताच बाहेर जाऊन उभी राहिली.

सांधा ओबडधोबड झाला होता. म्हातारे नाराज दिसले. म्हणाले, "रंग देऊं नका. उघडा असो द्या. चीर आली तर दिसेल."

पुढच्या रविवारी भाजी आणतो असं घरी सांगून मी सांधा आजमावायला परंगीमलैच्या डोंगरावर गेलो. डोंगरावरच्या चर्चपासून खाली वळणावळणाचा डांबरी रस्ता आहे. मागचा ब्रेक दाबत, दर वळणावर थांबून सांधा तपासत उतरलो.  काही झालं नाही. मोकळ्या हातांनी घरी गेलो तेव्हा बायकोने भाजीबद्दल विचारलं नाही. "पडला असतास तर मला कुणी कळवलं असतं?" एवढंच म्हणाली. 

सोमवारी शेडमध्ये फोन केला. अक्काने वडिलांना दिला.

"पुढचा ब्रेक धरलांत का?" म्हाताऱ्यांनी विचारलं.

"नाही. मागचाच."

"मग जोर त्या सांध्यावर आलाच नाही. पुन्हा जा. पुढचा धरा."

या वेळी मी बायकोला आधी सांगितलं. तिने लेकीला शेजारी सोडलं आणि रिक्षात बसून माझ्या मागोमाग आली. उताराच्या शेवटी सपाट जागा आहे, तिथे उभी राहिली. मी वेग घेतला. बायको दर क्षणी मोठी दिसत होती. हात बाजूला करून तिने मला थांबायची जागा दाखवली आणि मी पुढचा ब्रेक सगळ्या जोराने दाबला. मागचं चाक जमिनीवरून उचललं गेलं, छाती हँडलवर आदळली आणि सायकल थांबली.

बायको रस्त्यात उकिडवी बसली. पर्समधून लेकीच्या गोष्टीच्या पुस्तकाबरोबर मिळालेलं प्लास्टिकचं भिंग काढून तिने सांधा सगळीकडून पाहिला. घाई केली नाही. मग उठून भिंग माझ्या हातात दिलं.

"रेघ कुठे नाही. तूही बघ," ती म्हणाली. "आणि म्हाताऱ्यांना इथूनच फोन कर. ते वाट बघत असतील."