कापलेला टोला

अर्धवट सिनेमा लोकांना दाखवणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. तरी दाखवावा लागतोच. महिनोन्महिने एकटीनं एडिटला बसलं की आपलं आपल्याला काही दिसेनासं होतं. मग कच्चा कट घेऊन माणसांपुढं जायचं आणि कोण कुठं हसतं, कोण कुठं जांभई देतं ते बघायचं. माझ्या कच्च्या कटला कुणी जांभई दिली नाही.

माहितीपट मेंढरंवाल्यांवर होता. माण-आटपाडीकडच्या कोरड्या मुलखातली ही माणसं दसरा झाला की मेंढरं घेऊन आमच्या उसाच्या पट्ट्यात उतरतात. तुटलेल्या फडात मेंढरं बसवतात. शेताला खत मिळतं, त्यांना दाणागोटा. चार-पाच घरं मिळून सोबतीनं चालतात, त्याला ते वाडा म्हणतात. अशाच एका जोडप्यामागं मी कॅमेरा घेऊन हिंडत होते आणि आमच्याच भावकीत, माझ्या चुलतभावाच्या रानात, ते झालं.

वाड्यातली बाकीची घरं त्या दिवशी लांबच्या फडात होती. मेंढरं उसाच्या कोवळ्या लावणीत शिरली. चुलतभाऊ दोन गडी घेऊन आला, तिघांच्या हातात ठिबकचा काळा पाइप. मेंढपाळाच्या पाठीवर पाइप असा वाजत होता की अजून कानातून जात नाही. कॅमेरा बांधावर सोडून मी मधे धावले, मलाही खांद्यावर एक बसला. कॅमेरा चालूच राहिला. मेंढपाळ मार खात होता, हात जोडत होता. मग चुलतभावानं एका कोकराला लाथ घातली. ते पाटाच्या कडेवर आपटलं आणि तिथंच गेलं. तेव्हा मेंढपाळानं काठी उचलली. एकच टोला, चुलतभावाचं डोकं फुटलं.

तेवढ्यावर थांबलं असतं तर बरं झालं असतं. त्यानं पुन्हा काठी उगारली, तशी बायकोनं मागनं ती दोन्ही हातांनी धरली. त्यानं मागं न बघता हिसडा दिला आणि काठी फिरवली. बाईचं मनगट काडकन मोडलं. धुरळा, आरडाओरडा, आपण कुणाला मारलं हे त्याला कळलंसुद्धा नाही. साताऱ्याच्या दवाखान्यात तिनं सगळ्यांना सांगितलं की गड्याचा पाइप लागला. मला म्हणाली, "ताई, तुमी काय बघितलं न्हाई." मी म्हटलं, बरं. चुलतभावानं तर गावभर करून टाकलं की ट्रॉलीवरनं पडलो. मेंढरंवाल्याच्या हातचा मार खाल्ला म्हणून कोण सांगतंय!

म्हणून मी कोकरापासून थेट दवाखान्यावर कापलं. टोला गेला, मनगटही गेलं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

पहिल्यांदा साताऱ्यात आमच्या घरी दाखवला. चुलतभाऊ पोह्यांची बशी मांडीवर घेऊन बसला होता. पडद्यावर स्वतःला पाइप हाणताना बघून त्याची कळी खुलली. "लय भारी घेतलंस की गं!" म्हणाला. टाक्यांची खूण टोपीखाली झाकलेली. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. माझे वडील फौजेतले निवृत्त हवालदार, तोंडही तसलंच. ते म्हणाले, "ह्या भाड्याला हसू येतंय. असला कसला सिनेमा केलास?" मी त्यांच्यावरही भडकले.

मग औंधच्या पुढं, मेंढपाळाच्या गावी गेले. पाऊसकाळात ही मंडळी घरी असतात. बिरोबाच्या देवळाचा मंडप, दुपारची वेळ. उजेड अडवायला आम्ही दाराखिडक्यांवर घोंगडी टांगत होतो. मेंढपाळानं स्वतः घरोघर फिरून माणसं गोळा केली होती. मला वाटलं, कौतुकानं. कसलं काय!

घोंगड्याचं टोक धरून त्याच्या बायकोनंच सांगितलं. हात मोडल्यापासून तिचा भाऊ पेटला होता. बहिणीचा हात मोडला आणि दाजीनं काठीसुद्धा उचलली नाही, असला गडी वाड्यात काय कामाचा? वाटेत कुणी मेंढरं ओढून नेली तर हा बघत बसायचा. यंदा त्याला वाड्यात घ्यायचं नाही, असं ठरत आलं होतं. आणि वाड्याबिगर एकटं माणूस मेंढरं घेऊन परमुलखात उतरूच शकत नाही. विकायची आणि ऊसतोडीला जायचं, एवढंच उरतं. बागायतदारच ट्रॉलीवरनं पडलो म्हणत असल्यावर टोल्याच्या गोष्टीवर कोण विश्वास ठेवणार? म्हणून नवरा जो भेटेल त्याला सांगत होता, मी टोला हाणलाय, सिनेमात हाय, या बघायला.

"टोला हाय न्हवं त्यात, ताई?"

"नाही वैनी. तुमच्यासाठीच काढला."

तिनं घोंगडं तसंच धरून ठेवलं. आत माणसं बसली होती, आता मागं फिरायची सोय नव्हती.

पुरुष पुढं, बायका मागं. मेंढपाळ पहिल्या रांगेत, नवं मुंडासं, काठी मांडीवर आडवी. पडद्यावर पाइप वाजायला लागला तशा बायका "आगं आई गं" करायला लागल्या. कोकरू आपटलं आणि कुणीतरी चुलतभावाच्या सात पिढ्या उद्धरल्या. मेंढपाळ मागं वळून म्हणाला, "आता बघा."

पडद्यावर दवाखाना आला. बायकोच्या हाताचं प्लास्टर.

मग तिचा भाऊ हसला. "दाजी, काठी काय टेकायला न्हेली व्हती व्हय?"

पोरं खिदळली आणि मेंढपाळानं मेव्हण्याच्या तोंडावर बुक्की हाणली. दोघं एकमेकांच्या उरावर पडले. स्पीकर उलथला, प्रोजेक्टर फरशीवर आपटला, पडद्याची चादर टराटरा फाटली. सोडवायला गेले तर कुणाचं तरी कोपर माझ्या ओठावर बसलं. देवळात उभी राहून मी अशी शिवी हासडली की पुढच्या रांगेतला म्हातारा माझ्याकडं बघतच राहिला.

मेव्हणा उठला तेव्हा त्याच्या दातांतून रक्त येत होतं. "ह्याच्यानं व्हत न्हाई तर आमी करतो. त्या बागायतदाराचा हात आज मोडायचा. गाडी काढा रं!" पोरं बाहेर पळाली. कुणी काठी घेतली, कुणी पाला तोडायची कुऱ्हाड. चुलतभाऊ हरामखोर खरा, पण चुलत्याला तो एकुलता एक. आणि त्यानं ते मनगट मोडलं नव्हतं.

मेंढपाळानं माझा दंड धरला. "ताई, टोला दावा. कुठं गेला माझा टोला? मी हाणलाय, तुमी हुबं व्हता तिथं."

"नाही दाखवणार."

"आवं, वाड्यातनं उठवत्यात मला!" त्यानं काठी वर घेतली. माझ्यावर. दमले होते, घाबरले होते, तरी मी म्हटलं, "मार. मार आणि मग शोध तुझा टोला."

"दावा ताई." मागनं बायकांतून ती आली. मनगट वाकडं जुळलेलं, तो हात कोपरापाशी धरलेला. "दावा. म्होरलं बी दावा." मग दाराकडं बघून भावाला ओरडली, "तू बी ये. बघितल्याबिगर गाडी काढायची न्हाई."

प्रोजेक्टर फुटलेला, मग लॅपटॉपच पायरीवर ठेवला. सगळी डोकी त्याच्याभोवती दाटली. मी न कापलेलं फुटेज लावलं. टोला बसला आणि मंडप दणाणला. शिट्ट्या, आरोळ्या. "आरं तिच्या मायला, फोडलं की गा!" मेव्हण्यानं आ वासला. मेंढपाळ ताठ झाला.

पुढच्याच क्षणी काठी पुन्हा वर गेली. मागनं दोन हात आले. हिसडा. काडकन आवाज आला.

शिट्टी अर्ध्यावर राहिली.

"परत लावा," मेंढपाळ म्हणाला. मी परत लावलं. त्यानं डोळे न मिटता बघितलं, मग बायकोकडं वळला. "माझ्या काठीनं?"

"व्हय."

"मग पायपानं म्हणून का सांगितलंस?"

"ह्येला आवरलं असतं का तुमी?" तिनं भावाकडं हनुवटी केली.

भाऊ कुठला आवरतोय. त्यानं दाजीला थोबाडीत मारलं, पुन्हा मारलं, खाली पाडून लाथा घातल्या. मुंडासं सुटून फरशीवर लोळलं. मेंढपाळाच्या हातात काठी होती, ती त्यानं उचलली नाही. मधे कुणी पडेना. शेवटी तिनंच भावाला धक्का देऊन मागं सारलं. "बास. हात माझा हाय, तुझा न्हवं."

वाड्यातला वडीलधारा तोच पुढच्या रांगेतला म्हातारा. त्यानं घसा खाकरला. "झालं गेलं. टोला समद्यांनी बघितला. येऊ दे त्येला वाड्यात." मग माझ्याकडं वळला. "ताई, सिनेमात टोला ऱ्हाऊ द्या. म्होरचं तेवढं काढा. घरातली गोष्ट हाय."

सगळ्यांनी माना डोलावल्या. आत्ता लाथा घालणाऱ्या भावानंही डोलावली. जमिनीवर बसलेल्या मेंढपाळाच्या जिवात जीव आलेला मला दिसला. वाडा मिळाला, टोला मिळाला. बाईनं इतके महिने तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाल्ला आणि ती गोष्ट काढून टाकायला कुणाला मिनिटभर लागलं नाही. मला त्या सगळ्यांचा संताप आला.

ती खाली वाकून मुंडासं गोळा करत होती. एका हातानं नीट जमत नव्हतं. वर न बघता म्हणाली, "टोला ठेवा न्हाईतर काढा, मला काय बी न्हाई. माझा हात काढायचा न्हाई."

म्हाताऱ्यानं तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. मलाच विचारलं, "मग काय ठरलं, ताई?"

"ऐकू आलं नाही का?" मी म्हटलं. "ठरलं ते आत्ताच सांगितलं तिनं."