नुसती बोटं हलवा

क्लॅरिनेटची रीड ओठांत भिजवली की ओल्या बोरूसारखा वास येतो आणि खोपट भागातल्या हॉलमधलं ते लग्न आठवून माझं डोकं आजही तापतं. आमच्या बँडमध्ये क्लॅरिनेटवाले दोघंच, मी आणि मला शिकवणारे मास्तर. नवरदेवाची गाडी दाराशी आली, अत्तराचा, मोगऱ्याचा घमघमाट सुटला, आणि कार्यक्रम सांभाळणारा तरुण मास्तरांकडे धावत आला. "अंकल, वाजवू नका. क्लॅरिनेटचा ट्रॅक स्पीकरवर लावलाय, एकदम क्लीन. तुम्ही नुसती बोटं हलवा, व्हिडिओत भारी दिसतं." खाडीकाठच्या कोळीवाड्यांतल्या हळदी ज्यांच्या सुरावर रात्रभर नाचल्या, त्या माणसाला हे सांगायचं? मास्तरांचा चेहरा लालबुंद झाला. "बोटं हलवायला क्लॅरिनेट कशाला लागतं रे?" असं म्हणून त्यांनी वाद्याचा एकेक भाग सुटा केला, फडक्याने पुसला, पेटीत ठेवला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "चल." मी गेलो नाही. स्पीकरमधून ते गुळगुळीत, दम न लागणारं क्लॅरिनेट वाजत राहिलं आणि मी कॅमेऱ्यापुढे गाल फुगवून बोटं हलवत राहिलो. त्या तरुणाला मी आजही शिव्या घालतो, पण त्याने मास्तरांना एकदाच हिणवलं, दुसऱ्यांदा मी.