एल्बोखालची वाटी

डोणगावच्या बाहेरील नव्या प्लॉटांवर आम्ही घर बांधले, तेव्हा तेथे नळाला दहा-अकरा दिवसांनी पाणी येत असे, तेही जेमतेम दीड तास. येण्याची वेळ कोणालाच ठाऊक नसे. म्हणून साऱ्या गल्लीने एक रीत लावून घेतली होती: नळाचा कॉक अकराही दिवस उघडाच ठेवायचा. पाणी आले की हौदात धार पडल्याचा आवाज घरभर ऐकू येई, आणि बायका हातातले काम टाकून बाहेर धावत. या रीतीचा तोटा आम्हाला उशिरा कळला. कोरड्या पाइपातून आधी हवा धावे, तिच्यामागून पाणी, आणि त्या दोघांचा धक्का नेमका वळणावर बसे. आमच्या अंगणातल्या खड्ड्यात कॉकच्या पुढे, पाइप हौदाकडे वळतो तेथे, प्लास्टिकचा एक एल्बो होता. तो दर पाळीला हा मार सोसत होता.

त्या वर्षी कार्तिकात माझी मुलगी बाळंतपणाला घरी आली होती. नात जन्मली त्याच आठवड्यात पाण्याची पाळी आली आणि एल्बोतून थेंब गळताना मला दिसला. मी खाली एक वाटी ठेवली.

"वाटी काय ठेवता? मिस्त्रीले फोन करा," बायको म्हणाली.

मी हो म्हटले आणि केला नाही. फोनवर बोलायचे म्हणजे मला आजही आधी मनात वाक्य जुळवावे लागते. पण खरे कारण वेगळे होते. आमचा मिस्त्री मुळात शेतकरी. जानेफळकडच्या एका खेड्यात त्याचे तीन एकर कोरडवाहू रान. नळाचे काम तो वडिलांकडून शिकलेला. मागच्या खेपेला मी सहज विचारले होते, "कापूस कसा आहे?" तेव्हा तो नुसता पाइपाचे आटे पुसत राहिला. ज्या बीटी बियाण्याला बोंडअळी शिवणार नाही असे सगळे सांगत होते, त्याच्याच बोंडांत त्या हंगामात गुलाबी अळी निघत होती. मी तो प्रश्न पुन्हा विचारला नाही. अशा माणसाला एका थेंबासाठी बोलवावे, हे मला जमेना.

"एवढी पोरं शिकवली तुमी, अन् एका मिस्त्रीले भेता," बायको रोज त्या वाटीकडे बोट दाखवून म्हणे. "नात बोलाले लागली का तिलेच लावू देजा फोन."

पुढची पाळी सकाळी दहाच्या सुमारास आली. आवाज आला, पण हौदातून नव्हे. मी बाहेर धावलो. एल्बो उभा चिरला होता आणि पाण्याचा फवारा कुंपणाच्या भिंतीवर आपटत होता. गच्चीवरच्या टाकीत एका दिवसाचे पाणी उरले होते. घरात बाळंतीण, पंधरा दिवसांची नात, दोघींच्या दोन वेळच्या आंघोळी, धुण्याला न संपणारी दुपटी. आणि पुढचे पाणी पुन्हा अकरा दिवसांनी. मी दोन्ही हातांनी चीर दाबून धरली. द्रवाचा दाब सर्व दिशांना सारखा असतो, हे मी तेहतीस वर्षे फळ्यावर लिहीत आलो होतो. त्या दिवशी तो माझ्या बाह्यांतून कोपरापर्यंत शिरला.

वाक्य जुळवायला वेळ नव्हता. बायकोने फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि माझ्यापुढे धरला.

"मिस्त्री, एल्बो फुटला. पाणी चालू आहे."

"कॉक बंद करा पयले, सर."

"बंद केला तर पाणी जाईल हो!"

"कुठी जाते? घंटाभर तरी हाय ते. आत्ता जाऊन राह्यलं ते जास्त हाय. करा बंद."

मी कॉक बंद केला. अंगण एकदम शांत झाले. तेव्हा फोनमधून मला एक आवाज ऐकू आला: काहीतरी मुळासकट निघाल्यासारखा, थांबून थांबून.

"तुम्ही येऊ शकाल का? घरात बाळंतीण आहे, तान्ही नात आहे."

"मले याले तास लागते सर, तोवर तुमचा नळ जाते. तुमीच करा. सायकलची जुनी ट्यूब हाय का?"

जुनी ट्यूब नव्हती. पण ज्या सायकलीवर मी शाळेत जात असे, ती भिंतीला टेकून होती. मी तिच्याकडे पाहिले, मग तिच्या चाकातली ट्यूब ओढून काढली. बायकोने तोवर विळी आणली होती.

"लांब पट्टी कापा. पाइप कोरडा करा, एकदम खट्ट. चिरीच्या चार बोटं अलीकडून सुरू करा. ताणा सर, दया नका करू तिच्यावर. एका वेढ्यावर अर्धा दुसरा आला पायजे."

"माझ्याकडे पाइप चिकटवायचे सोल्युशन आहे, ते लावू का?"

"ते वाळेपर्यंत नात चालाले लागन तुमची! ट्यूबच ताणा."

बायको हसली. मी वेढे घेत होतो. वरून तार आवळली. मग त्याने सांगितल्याप्रमाणे कॉक पाव फिरवला, थांबलो, पुन्हा पाव. पट्टी फुगली, आणि तशीच राहिली. हौदात धार पडली.

"लागलं," मी म्हणालो. आणि मग, घाई सरल्यावरच, विचारले, "तुम्ही काय करताय? कसला आवाज येतोय?"

"पऱ्हाटी उपटून राह्यलो, सर," तो म्हणाला. "ते राहू द्या. उद्या येतो."

हिरव्या बोंडांसकट कपाशीचे उभे पीक उपटण्याच्या दिवशी, एका हातात झाडे उपटायचा चिमटा आणि एका हातात फोन धरून, त्याने मला वेढे मोजून दिले होते. हौद भरला, चार बोटे कमी राहिला असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या मोटारसायकलीवर मागे पऱ्हाट्यांचा मोठा भारा बांधलेला होता. तो त्याने बंबाशेजारी उतरवला.

"ताईच्या पाण्याले. वाळलेली पाहून आनली, जाळ चांगला होते याचा."

"मिस्त्री, अहो, हे कशाला..."

"मंग काय करू? बांधावर पेटवून द्यायची, तर इथंच पेटू द्या." मग त्याने खड्ड्यात वाकून माझी पट्टी पाहिली. "सर, हे तुमी बांधलं? असं तर आमच्या बैलाले कोनी बांधत नाही." पण ती सोडायला त्याला बराच वेळ लागला.

बायकोने बंब पेटवला. अळीने खाल्लेली, न उमललेली बोंडे जाळात तडतडू लागली. थोड्या वेळाने न्हाणीतून पाणी ओतल्याचा आवाज आला, नात रडली आणि मग गप्प झाली. मिस्त्रीने हातातला नवा एल्बो तसाच धरून तिकडे कान दिला.

मी वाटी बाजूला सरकवली आणि खड्ड्याच्या कडेला त्याच्याशेजारी बसलो. या वेळी वाक्य जुळवले नाही.

"तीनही एकर उपटलं?"

"हाव."

"आता हरभरा पेरता येईल का? ओल आहे?"

त्याने आट्यांवर दोरा गुंडाळायला घेतला. "हाय थोडी," तो म्हणाला, आणि दोरा गुंडाळता गुंडाळता, हळूहळू, सगळे सांगू लागला.