गायकवाड सरांचा डावा हात

त्या रविवारी सकाळी गायकवाड सर आले नाहीत. सहा वर्षांत असं कधी झालं नव्हतं. बदलापूरच्या बाहेर, बारवी धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमची कुत्र्यांची शाळा आहे. शाळा म्हणजे भाताच्या शेतांना लागून असलेला एक कुंपण घातलेला प्लॉट, त्यात प्लॅस्टिकच्या पाइपांचे अडथळे आणि दोन्ही टोकं कापून जोडलेल्या पिंपांचा एक बोगदा. सर अंबरनाथहून यायचे आणि वर्गाच्या अर्धा तास आधीच गेटचं कुलूप काढून ठेवायचे. त्या दिवशी कुलूप मी काढलं. सव्वासात झाले, साडेसात झाले. कुत्री चुळबुळत होती, मालक घड्याळाकडे बघत होते आणि सरांचा मोबाईल नुसता वाजत होता. हे लिहिताना मला लाज वाटते, पण लिहायला हवं. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की काल ते एका नव्या डॉबरमनला शिकवायला कोणाच्या तरी घरी गेले होते, तिथे त्यांच्या हातून काही झालं तर नसेल? हात उचलला गेला नसेल ना? त्या मालकाने काही गोंधळ घातला नसेल ना? सरांना बरं नसेल, हा विचार त्यानंतर आला... आठच्या सुमाराला त्यांच्या शेजाऱ्यांचा फोन आला. सर आमच्याकडेच यायला निघाले होते. बूट घालायला पायरीवर बसले आणि उठलेच नाहीत. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

ते पहिल्यांदा आले तेव्हा शाळेला वर्षही झालं नव्हतं. शाळा माझी एकटीची होती. एका मैत्रिणीने परदेशातून आणलेल्या, कुत्र्यांच्या प्रशिक्षणाच्या सीड्या बघून आणि स्वतःच्या कुत्रीवर प्रयोग करून मी हे शिकले होते. कुत्र्याला मारायचं नाही, ओरडायचं नाही, गळ्यात आवळणारी साखळी घालायची नाही. त्याने बरोबर केलं की लगेच कळवायचं आणि खाऊ द्यायचा, एवढंच. आमच्याकडे लोक हे ऐकून हसायचे. एका रविवारी कुंपणापलीकडे पन्नाशी उलटलेला एक माणूस येऊन उभा राहिला. इस्त्रीचा खाकी शर्ट, बारीक कापलेले केस. वर्ग संपेपर्यंत उभा होता, मग निघून गेला. पुढच्या रविवारी पुन्हा. तिसऱ्या रविवारी मीच गेटपाशी गेले आणि जरा तुटकपणेच विचारलं, "काही काम होतं का?"

"काम असं नाही मॅडम," ते म्हणाले. "मी गायकवाड. अंबरनाथच्या एका कारखान्यात वॉचमन लोकांबरोबरची कुत्री मी सांभाळायचो, तयारही मीच करायचो. बावीस वर्षं. कारखाना बंद झाला." मग बोगद्यातून बाहेर येणाऱ्या एका पिल्लाकडे बघत म्हणाले, "माझी कुत्री सगळं शिकली. बस म्हटलं की बसायची. पण मी समोर आलो की शेपूट पायात घालायची. हे असं... हे पिल्लू मालकिणीकडे बघतंय तसं, माझ्याकडे कोणी बघितलं नाही."

मला हाताखाली माणूस हवा होता आणि पैसे फार देता येणार नव्हते. सरांनी पैशांचं काही विचारलंच नाही. मी त्यांना घेतलं, पण घेतलं त्या दिवसापासून मला धास्ती लागली.

धास्ती त्यांच्या डाव्या हाताची. जुन्या पद्धतीत कुत्रं माणसाच्या डाव्या बाजूने चालतं आणि ते पुढे गेलं की डाव्या हाताने दोरीला झटका द्यायचा असतो. बावीस वर्षं त्या हाताने झटके दिले होते. डोक्याला सगळं पटलेलं होतं, सर रात्री बसून सीड्या बघायचे, वहीत लिहून काढायचे. हाताला मात्र पटलेलं नव्हतं. दुसऱ्याच आठवड्यात बदलापूरच्या एका शिक्षिकाबाईंचं लॅब्राडोरचं पिल्लू त्यांच्या हातात होतं. पिल्लू फुलपाखरामागे धावलं आणि सरांच्या हाताने झटका दिला. खरंच सांगते, हातानेच दिला, सर तोवर बाईंशी बोलत होते. पिल्लू केकाटलं. बाईंनी पिल्लू उचलून छातीशी धरलं आणि माझ्याकडे रोखून बघितलं.  सरांनी डावा हात पँटच्या खिशात घातला. तो हात पुढे सहा वर्षं वर्गात खिशातच राहिला. दोरी ते कमरेच्या पट्ट्याला बांधायचे आणि खाऊ उजव्या हाताने द्यायचे. नव्या लोकांना वाटायचं, यांच्या हाताला काहीतरी झालंय.

शिक्षिकाबाई परत आल्या नाहीत. त्यांनी आणखी दोघींना सांगितलं, त्याही आल्या नाहीत. शाळा जेमतेम उभी राहत होती, तीन कुत्री गेली की जाणवायचं. मी सरांना काही बोलले नाही. पण वर्ग चालू असताना माझं अर्धं लक्ष त्यांच्या खिशाकडे असायचं. एकदा पिंपं उचलता उचलता ते सहज म्हणाले, "मॅडम, तुम्ही माझ्या हाताकडे बघत असता, ते कळतं मला." मी ओशाळले. काहीतरी सारवासारव करायला लागले, तर म्हणाले, "नाही, नाही. बघत राहा. कोणीतरी बघायला हवं."

अशात टायसन आला. उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये गोपभाई नावाच्या एका सिंधी गृहस्थांचा जीन्स शिवायचा कारखाना होता. गाळा छोटा, शिलाई मशिनं रांगेने, आणि दाराशी साखळीला हे अल्सेशियन. येता-जाता कोणीही त्याला काठी दाखवायचं. एका कारागिराने वरच्या फळीवरून कापडाचा तागा काढायला हात वर केला आणि टायसनने त्याचा दंड धरला. गोपभाई त्याला टेंपोत घालून आमच्याकडे घेऊन आले. माणूस वाईट नव्हता, घाबरलेला होता. "देखो बाई," ते मला म्हणाले, "दो महिना देता हूँ. सुधर गया तो ठीक, नहीं तो उधर बारवी के जंगल में छोड़ के आऊँगा. मेरे को रोज का टेन्शन नहीं चाहिए, साईं."

मला ते कुत्रं घ्यायचंच नव्हतं. उचललेल्या हाताला घाबरून चावणारं कुत्रं आणि हातावर ताबा नसलेला माणूस, ही जोडी जमवायची म्हणजे मीच दोघांचं वाटोळं करण्यासारखं होतं. पण सर म्हणाले, "मला द्या. याला हाताची भीती आहे ना? मलाही आहे."

पहिले पंधरा दिवस त्यांनी काहीच शिकवलं नाही. कुंपणाच्या कोपऱ्यात टायसनकडे पाठ करून जमिनीवर बसायचे आणि मधूनमधून उकडलेल्या कलेजीचा तुकडा मागे टाकायचे. टायसन आधी तुकडा खायलाही यायचा नाही. मग यायला लागला. मग एका सकाळी तो सरांच्या पाठीला पाठ लावून बसलेला मला दिसला. सर हलले नाहीत. मी गेटवरून हाक मारली, तर ओठांवर बोट ठेवून मला गप्प केलं. महिन्याभराने तो त्यांच्यामागून पहिला अडथळा ओलांडून गेला. बोगद्यात मात्र शिरेना, तेव्हा हा साठीकडे झुकलेला माणूस पलीकडच्या तोंडाशी मातीत पालथा पडून त्याच्याशी बोलत राहिला. काय बोलायचे कोण जाणे. मी बघत होते आणि दिवस मोजत होते. दोन महिने संपायला आठवडा राहिला होता.

त्याच आठवड्यात गोपभाई टायसनची प्रगती बघायला आले. सगळं नीट चाललं होतं. सरांनी दोरी सोडली होती, टायसन एकामागून एक अडथळे ओलांडत होता आणि गोपभाई हसत होते. तेवढ्यात रस्त्यावर एका ट्रकचं टायर फुटलं. बंदुकीसारखा आवाज झाला. टायसन उडालाच. गोपभाईंनी आत येताना गेटची कडी नीट लावली नव्हती... कुत्रं धडकलं, गेट उघडलं आणि तो रस्त्यावर. बारवीच्या रस्त्याला कारखान्यांचे ट्रक कसे जातात ते इथल्या माणसाला सांगायला नको. गोपभाई "टायसन! टायसन!" ओरडत बाहेर पडले, तेही नेमके हातात काठी घेऊन. टायसन आणखी लांब पळाला आणि रस्त्याच्या मधोमध थांबला. जीभ बाहेर, कान मागे, कुठे जावं ते त्याला कळत नव्हतं.

"काठी टाका!" सरांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "कोणी बोलू नका. खाली बसा सगळे. मॅडम, गाड्या थांबवा."

मी ओढणी काढून रस्त्याच्या मधे उभी राहिले. समोरून ट्रक येत होता. ड्रायव्हरने ब्रेक मारला आणि हॉर्नकडे हात नेला, तेव्हा मी अक्षरशः हात जोडले. "दादा, हॉर्न नको, एक मिनिट." तो शिव्या देत होता, पण हॉर्न वाजवला नाही त्याने. सर टायसनच्या दिशेने गेलेच नाहीत. उलटे फिरले, त्याच्याकडे पाठ करून चार पावलं चालले आणि रस्त्याच्या कडेच्या धुळीत बसले, कोपऱ्यात बसायचे तसे. खिशातल्या खाऊच्या कागदी पुडीचा आवाज केला.  टायसन बघत राहिला. मग एक पाऊल, थांबला. आणखी दोन. मागे दुसरी गाडी येऊन उभी राहिली, तिसरी. शेवटी तो आला आणि सरांच्या पाठीला टेकला.

आणि सरांचा डावा हात खिशातून बाहेर आला.

पळून गेलेलं कुत्रं परत आलं की त्याला मारायचं, म्हणजे पुन्हा पळत नाही, हे त्यांनी बावीस वर्षं केलं होतं. मी पळत सुटले होते, पण अंतर होतं. हात वर गेला. टायसनने पोट जमिनीला लावलं. मला वाटलं, संपलं. हात तसाच हवेत राहिला. खाली आला नाही. सरांनी माझ्याकडे न बघता सांगितलं, "मॅडम, दोरी तुम्ही लावा. मी आत्ता हात लावणार नाही त्याला."

मी दोरी लावली. सगळे आत आल्यावर सर पाण्याच्या टाकीपाशी गेले आणि बराच वेळ हात धूत राहिले. मी जवळ गेले. म्हटलं, "सर, तुम्ही नाही मारलंत."

"हात वर गेला होता," ते म्हणाले. "त्याने बघितलं ते."

ते खरंच होतं. पुढे दोन आठवडे टायसन त्यांच्या जवळ गेला नाही. सर पुन्हा कोपऱ्यात पाठ करून बसायला लागले, पुन्हा मागे कलेजीचे तुकडे टाकायला लागले. गोपभाईंनी जंगलाचं नाव परत काढलं नाही. "टाइम ले लो, सर," एवढंच म्हणाले, आणि गाळ्यातली काठी त्यांनी स्वतः मोडून टाकली असं कारागिरांकडून कळलं. वर्षाने आम्ही शाळेतल्या शाळेत शर्यत ठेवली, तेव्हा टायसन शेवटून दुसरा आला. बोगद्यात मधेच थांबून त्याने बाहेर डोकावून सर कुठे आहेत ते बघितलं, त्यात वेळ गेला. सरांना इतकं हसताना मी त्याच दिवशी बघितलं. पण हात खिशातच होता. आणि माझी नजर, सवयीने, खिशावरच. मला वाटायचं, या माणसाने हाताला नुसतं कोंडून ठेवलंय, कधीतरी तो पुन्हा सुटेल. त्या रविवारच्या सकाळपर्यंत मला तसंच वाटत होतं.

अंबरनाथला सरांच्या घरी त्यांच्या जलदान विधीला गेले तेव्हा गर्दी होती. भंतेजी आले होते, वंदना झाली. गोपभाई आले होते, म्हातारा टायसन खाली टेंपोत होता. वहिनींशी, म्हणजे सरांच्या पत्नीशी, नीट बोलणं झालं नाही. म्हणून आठवड्याने पुन्हा गेले. दोन खोल्यांचं घर, कोनाड्यात बुद्धांची मूर्ती, समोर विझलेली मेणबत्ती. वहिनींनी चहा ठेवला. मी काहीबाही बोलत होते आणि मधेच माझ्या तोंडून ते निघून गेलं, की मला त्यांच्या हाताची सारखी काळजी असायची... बोलले आणि जीभ चावली.

वहिनींना राग आला नाही. "त्यांना पण होती की," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडं ते पिल्लू केकाटलं ना, त्या रात्री जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी दोरी घेऊन आले. मला म्हणाले, हे टोक तू धर, दुसरं माझ्या डाव्या हातात. तू ओढ. न सांगता ओढ." त्या हसल्या. हसताना डोळे भरून आले, ते पदराने टिपले. "रोज संध्याकाळी मी कुत्रा व्हायची, मॅडम. भाजी निवडता निवडता मधीच ओढायची. त्यांची मूठ वळली की परत पहिल्यापासून. नाही वळली की मला एक शेंगदाणा द्यायचे. मी म्हणायची, अहो, आता नाही वळत तुमची मूठ. तर म्हणायचे, घरात नाही वळत. बाहेरचं काय सांगावं."

"किती दिवस चाललं हे?"

"दिवस कसले?" वहिनी म्हणाल्या. "शनिवारी संध्याकाळी पण बसलो होतो की. रविवारी गेले."

त्या उठल्या आणि दाराच्या मागच्या खिळ्यावरची दोरी काढून आणली. वापरून वापरून मऊ झालेली सुती दोरी. एक टोक माझ्या हातात दिलं, दुसरं घेऊन समोर बसल्या आणि चहाचं विचारायला लागल्या. साखर कमी लागते ना तुम्हाला? मी हो म्हणत होते, एवढ्यात दोरीला हिसका बसला. मला कळायच्या आत माझी मूठ वळली होती आणि मी उलटा झटका दिला होता.

मी वहिनींकडे बघितलं.

"होतं असं," त्या म्हणाल्या. "परत धरा."