आंब्याच्या वखारीतली सातवी

चहा निवायच्या आत सांगून टाकतो. ही फजिती मी दिवसाढवळ्या, पूर्ण शुद्धीत आणि चार माणसांच्या देखत करून घेतली. आणि करून घेताना मला अतिशय आनंद होत होता, हे विशेष.

मी घाटावरचा, साताऱ्याकडचा. नवीन लग्न, नवीन मास्तरकी आणि नेमणूक कुठे, तर रत्नागिरीला. "दोन वर्षं काढायची आणि परत," असं बायकोला सांगून शाळेत हजर झालो. शाळा बरी होती, पण सातवीला खोली नव्हती. बारा मुलं व्हरांड्यात बसत. जूनपर्यंत जागा मिळाली नाही तर सातवी बंद, असं तपासणीला आलेल्या साहेबांनी बजावलं होतं. सातवी बंद म्हणजे ती मुलं पुढल्या आगबोटीने मुंबईला, गिरणीत. त्यातली दोघं-तिघं तर इतकी हुशार, की त्यांची गणितं मला घरून सोडवून न्यावी लागत.

गावात आबाशेठ म्हणून आंब्याचे मोठे व्यापारी होते. आंब्याचे दोन-अडीच महिने सोडले तर त्यांची वखार रिकामी. मी गेलो आणि सरळ विचारलं.

"वखार देतो," शेठ म्हणाले. "पण माजी पण अडचण हाय. गड्यांना अक्षर कळत नाय. पेटीवर नाव एका दलालाचं, आणि पेटी जाते दुसऱ्याकडं. तुमी संध्याकाळी त्यांना शिकवा. जितकी वर्सं शिकवाल, तितकी वर्सं वखार शाळेची."

किती सरळ सौदा! व्यापाऱ्याला शाळेची गरज, शाळेला व्यापाऱ्याची. यात फजिती व्हायला जागा आहे का, तुम्हीच सांगा. मी ती काढली.

"मग हात आणा," शेठ म्हणाले. मी हात पुढे केला. त्यांनी खांद्यावरचा पंचा आमच्या हातांवर टाकला. मला वाटलं, इकडे शब्द देताना हात झाकत असतील, देवाधर्माचं काहीतरी असेल. पंचाखाली त्यांनी माझी दोन बोटं धरली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

दोनच बोटं? एवढा मोठा माणूस आणि हातात हात द्यायला इतका संकोच? मला कसंसंच झालं. मी त्यांची पाचही बोटं मुठीत घट्ट धरली.

शेठ चपापले. "मास्तर, इचार केलात ना?"

"यात विचार कसला?"

"घरात इचारलात?"

"घरी आनंदच होईल."

शेठच्या डोळ्यांत पाणी आलं. ते बघून माझ्याही आलं. आता एका हाताने माझं समाधान होईना. मी दुसरा हात पंचाखाली घातला आणि त्यांची पाचही बोटं पुन्हा एकदा दाबली. शेवटी "बास, बास" म्हणत शेठनीच पंचा ओढून घेतला.

शेठनी आपल्या दिवाणजींच्या कानात काहीतरी सांगितलं, आणि दिवाणजी मला फाटकापर्यंत सोडायला आले. म्हणाले, "दहा वर्सं म्हंजे मोठा शब्द दिलात, मास्तर."

"कसली दहा वर्षं?"

मग त्यांनी समजावलं. आंब्याच्या सौद्यात आकडा तोंडाने बोलत नाहीत, शेजारच्याला कळू नये म्हणून कापडाखाली बोटं धरून सांगतात. जितकी बोटं, तितका आकडा. आणि एकदा धरलेलं मागे घ्यायचं नाही. शेठनी दोन वर्षं मागितली होती. मी पाच सांगितली, आणि मग कोणी न मागता वर आणखी पाच.

परत जाऊन सांगावं म्हणून मी वखारीच्या पायरीपर्यंत गेलोसुद्धा. पण दोन म्हणावं, तर दोन वर्षांनी सातवी पुन्हा व्हरांड्यात. म्हणून वळलो. वाटेत रडू आलं ते मात्र सातवीसाठी नव्हतं, माझ्यासाठी होतं.

बायकोने सगळं ऐकून घेतलं. घाटावरच्या थंडीसाठी ट्रंकेत जपलेली शाल तिने दुसऱ्या दिवशी बोहारणीला देऊन टाकली.

सातवी वखारीत भरली. दिवसा मुलं, संध्याकाळी गडी. पेट्या उचलून राठ झालेल्या त्या हातांत पाटीवरची पेन्सिल मोडायची. पण पहिल्या वर्षी सगळ्या पेट्या जिथल्या तिथे पोचल्या, तेव्हा शेठ ते गावभर सांगत फिरले. सातवीची मुलं फायनल पास होत गेली. मला बरं वाटायचं, खोटं का बोलू?

दहा वर्षं सरली. मी ताबडतोब बदलीचा अर्ज टाकला. महिन्याभराने साहेबांचं उत्तर आलं: नामंजूर. सोबत एक कागद जोडलेला. वखारीतल्या गड्यांनी स्वतःच्या हाताने साहेबांना लिहिलेला अर्ज: 'आमचे मास्तर आम्हांस फार उपयोगी पडतात, तरी त्यांस कोठेही जाऊ देऊ नये.'

मी तांबडी शाई घेऊन बसलो आणि तो कागद तीनदा तपासला. एक चूक, फक्त एक चूक सापडली असती, तरी साहेबांना दाखवून म्हणालो असतो, बघा, या मास्तराला शिकवता येत नाही, हलवा याला इथून.

एकही सापडली नाही.