पाय तुटलेला र

टाइपरायटर दुरुस्त करणाऱ्या मावशीचे कान सशाचे होते आणि चाल गोगलगाईची. गावात बावीस मशीनं. कुठलं खोकतंय, कुठलं अडखळतंय, हे ती रस्त्यावरून जाताजाता ओळखायची. दाराशी पाच मिनिटं थांबून मग आत शिरायची, वैद्यासारखी.

राज्य तेव्हा थोरल्या साहेबांचं. माणूस शिंकलं तरी आधी मागं वळून बघायचं. प्रत्येक मशीनची ठाण्यात नोंद आणि वर्षातून एकदा सगळ्या अक्षरांचा ठसा द्यायचा, चोरानं अंगठा द्यावा तसा.

त्या हिवाळ्यात चौकातल्या साहेबांच्या पुतळ्याभोवती काचेची खोली उभी राहिली. काचा काढल्या शाळेच्या खिडक्यांच्या. आठ दिवसांत भिंतीवर पत्रक झळकलं: ‘पुतळ्याला अजून थंडी वाजते. आमची स्वेटरंही घेऊन जा.’

ठाणेदार पत्रक घेऊन दुकानात आले. “मावशी, हा र बघा. पाय तुटलाय. कुणाच्या मशीनचा?”

मावशीनं भिंग लावलं. र घरच्याच मशीनचा होता, महिन्यापूर्वी तिच्याच हातून मोडलेला. कोपऱ्यात सतरा वर्षांची भाची रिबीन गुंडाळत होती आणि तिचे कान टोमॅटोसारखे लाल झाले होते.

“बघावं लागेल,” मावशी म्हणाली.

“सोमवारी सगळ्यांचे ठसे घेतोय. तोवर सगळी मशीनं साफ करा. ठसा कसा लख्ख आला पाहिजे!”

ते गेले. भाची पुटपुटली, “मावशी, मी...”

“गप. एवढी कळवळलीस, तर पायमोजे विणून द्यायचेस पुतळ्याला!”

“नवा र बसवू या ना.”

“अक्षराच्या नव्या खिळ्याला परवाना लागतो. परवान्याला कारण लागतं. आणि कारण रिबीन गुंडाळत बसलंय.”

मावशीची नजर तेलाच्या बाटलीवर गेली. मग तिनं पिशवीत बाटली टाकली, फडकं टाकलं आणि फडक्याखाली बारीक कानस ठेवली.

तीन दिवस ती दारोदार फिरली. पोस्ट, शाळा, धान्याचं कोठार. फडक्यानं धूळ पुसायची, तेल सोडायची आणि र चा पाय हळूच घासायची. दाईनं नाळ कापावी इतक्या हलक्या हातानं. सगळ्यात शेवटी ठाणं. तिथं ठाणेदारांनी स्वतः मशीनचं झाकण धरलं.

सोमवारी ठाण्यात मावशीसमोर बावीस ठसे टेबलावर पसरले. बावीस र लंगडे.

“म्हणजे सगळं गावच?” ठाणेदारांना घाम फुटला.

“थंडी फार आहे यंदा,” मावशी म्हणाली. “लोखंड तरी किती सोसणार? लिहून टाका साहेब, पत्रक बावीसपैकी एकावर छापलं. तुमचं धरून.”

ठाणेदारांनी आपला ठसा उचलला, दिव्याकडे धरला, उलटा करून पाहिला. र काही सरळ उभा राहीना.

“खिळे कधी बसतील?”

“परवाना मिळाला की.”

त्यांनी तिथल्या तिथं बावीस खिळ्यांचा परवाना लिहिला, हातानं. कारणाच्या रकान्यात ‘थंडी’ लिहिलं. मग पत्रकाची घडी घातली आणि शेगडीत टाकली.

घरी आल्यावर भाची मावशीच्या गळ्यात पडली. मावशीनं तिला सोडवलं, हातात कानस दिली.

“दातांत लोखंडाचा कीस अडकलाय, घासून काढ. आणि ऐक. पुतळ्याच्या कानटोपीचं राहिलंच की लिहायचं.”

“लिहू?”

“मशीनवर नको. डाव्या हातानं लिही.”